मोडीत काढण्यापूर्वी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. फळीवरची पातेली, डबे, पिंपे खाली उतरतात. चिंच आणि राख लावून घासली जातात. आणि त्या आवराआवरीत एक निराळा ढीग हळूहळू वाढत जातो. बुडाला भोक पडलेली कळशी, कान तुटलेली परात, चीर गेलेले ताम्हण, एक पाय हरवलेला पाट-चौरंगाचा पत्रा, गंजलेली कढई. मराठी घरात या ढिगाला एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे मोड. इतिहासावरील लेखात हा शब्द पाहून कोणाला मोडी लिपीची आठवण होईल. पण तिचा येथे काही संबंध नाही. येथे गोष्ट सांगायची आहे ती मोडक्या धातूची, तो मोडीत काढणाऱ्यांची, आणि तो प्रत्यक्ष फोडणाऱ्यांची.

मोड म्हणजे केरकचरा नव्हे, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते. तांब्या-पितळेच्या भांड्याला दोन किमती असत. एक धातूची आणि दुसरी घडणावळीची. नवे भांडे घेताना दोन्ही मोजाव्या लागत. जुने परत करताना घडणावळ बुडे, धातूची किंमत मात्र हाती येई. कासार भांडे तराजूत टाकी, त्यातून काजळी, डाख, लोखंडी कडी यांची घट धरी, आणि उरलेल्या वजनावर नव्या भांड्याचा सौदा ठरे. त्यामुळे हंडा-घंगाळ ही गृहिणीच्या दृष्टीने भांडी होती, तशीच ती अडीनडीची ठेवही होती. सोन्याइतकी मोलाची नव्हे, पण वेळेला उभी राहणारी.

पुण्यातील कसबा पेठेतली तांबट आळी ही या व्यवहाराची जुनी पेठ. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले त्वष्टा कासार तेथे वसले. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी मारून त्याला आकार देणे आणि ठोक्यांच्या सारख्या रांगा उमटवून त्याला मजबुती आणणे ही त्यांची विद्या. त्या हातोड्यांखाली येणारे सगळेच तांबे खाणीतून ताजे आलेले असेल असे मानण्याचे कारण नाही. एका घरातला हंडा मोडीत गेला, वितळला, पत्रा झाला, आणि दुसऱ्या घरात बंब होऊन आला, असे किती वेळा झाले असेल याची गणती कोण करणार? धातूला जन्म अनेक असतात, आणि आपण कोठून आलो हे तो सांगत नाही.

परंतु वितळवणे हा या कामाचा शेवटचा टप्पा झाला. खरे कौशल्य त्याच्या आधी असते, आणि ते निवडण्यात असते. जाणकार मोड घेणारा प्रथम लोहचुंबक लावतो. लोखंड ताबडतोब कळते. मग कानशीने एखादा कोपरा घासून आतला रंग पाहतो, कारण वरचा रंग कल्हईचा किंवा मुलाम्याचाही असू शकतो. तांबूस असेल तर तांबे, पिवळे असेल तर पितळ. फिकट दिसणारे आणि वाजवले असता लांब नाद देणारे ते कासे. पितळेवर घण घातला तर ते वाकते, कासे फुटते. एवढे झाल्यावर परातीची लोखंडी कडी उपटायची, नळाच्या तोटीतला रबरी वायसर काढायचा, बंबाचा डाख लावलेला सांधा वेगळा तोडायचा. अशी निवडलेली मोड चांगल्या भावाने जाते. सरमिसळ ढिगाला मात्र त्यातल्या सर्वांत हलक्या मालाचा भाव मिळतो.

यात नुसता व्यापाऱ्याचा कावा नाही, धातूंचा स्वभावच तसा आहे. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सियसला वितळते. पितळेतले जस्त ४२० अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळू लागते. त्यामुळे मुशीत पितळ फार तापले की जस्ताचा दाट पांढरा धूर उठतो, आणि ओतारी गेलेल्या जस्ताची भरपाई करण्यासाठी वरून थोडे जस्त टाकतो. तो धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे भट्टीवर काम करणारा प्रत्येक जण अनुभवाने जाणतो. पितळेत लोखंडाचा खिळा राहिला तर ओतलेल्या वस्तूत कठीण गाठी पडतात आणि कानस घसरते. विजेच्या तारेच्या तांब्यात डाखातले शिसे मिसळले तर ते तांबे शुद्ध केल्याखेरीज पुन्हा तारेच्या कामाला येत नाही. एखादा बंद डबा किंवा नळकांडे आत पाणी असताना भट्टीत गेले, तर पाण्याची क्षणात वाफ होऊन भट्टीच उसळते. मोड तयार करणे म्हणजे प्रत्येक वस्तू ओळखणे. ती ओळख चुकली तर काय होते आणि साधली तर काय वाचते, याच्या खुणा इतिहासात ठिकठिकाणी सापडतात.

कोल्हापुरास पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे १९४४ साली काशाच्या जुन्या वस्तूंचा एक साठा अवचित सापडला. पुढे १९४५-४६ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहनांच्या काळातील एका समृद्ध वस्तीचे चित्र पुढे आले. त्या साठ्यात आपल्याकडच्या वस्तू होत्या, तशाच थेट रोमच्या जगातून आलेल्याही होत्या. त्यांतली पोसायडन या समुद्रदेवतेची लहानशी मूर्ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाचे भूषण आहे. समुद्र ओलांडून, सह्याद्रीचा घाट चढून हा परदेशी देव पंचगंगेकाठी कोणी आणला? तो कोणा धनिकाच्या दिवाणखान्यातला शोभेचा ऐवज होता काय? की एखाद्या ओताऱ्याने भट्टीसाठी जमवलेल्या मोडीत तो पडून होता, आणि काही आपत्ती आल्याने भट्टी पेटायची राहून गेली? ही दुसरी शंका माझ्या मनातून जात नाही. तसे असेल तर कोणा अनाम कारागिराचे राहून गेलेले काम म्हणून तो देव आपल्याला दिसतो आहे. जी कामे राहून गेली नाहीत, त्यांत काय काय वितळले असेल?

मोडीच्या तोंडातून थोडक्यात वाचलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ. ही विजापूरची म्हणून प्रसिद्ध असली तरी तिचे माहेर अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. निजामशाहीत १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की ओताऱ्याने ती तेथे ओतली आणि आपले नाव तिच्यावर कोरले. तिचे वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी जबडा पसरलेला सिंह आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याने तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफांत भरून विजयनगरच्या सैन्यावर उडवल्याची हकीकत फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. बाजारातला पैसा त्या दिवशी छर्रा झाला! पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तेथून १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. १६८६ साली विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला लेख खोदवला.

त्यानंतर आले कंपनी सरकारचे राज्य आणि त्याच्या दप्तरातला ‘निकामी सामान’ हा रकाना. १८५४ साली विजापूरच्या निरुपयोगी सामानाचा लिलाव निघाला आणि त्यात ही तोफही उभी केली गेली. सर्वांत मोठी बोली आली ती १५० रुपयांची! गणिताचा मास्तर असल्याने हिशेब केल्यावाचून मला राहवत नाही. ५५ टनांना १५० रुपये म्हणजे टनाला पावणेतीन रुपयांहूनही कमी; मणाला दीड आण्याच्या आसपास. त्या काळच्या स्वस्ताईतही उत्तम तोफेच्या धातूचा हा भाव नव्हे. मग बोली एवढी खाली का? मला वाटते, कारण उघड आहे. घेणाऱ्याने ती फोडायची कशी, आणि बुरजावरून हलवायची कशी? मोडीची किंमत धातूवर जितकी असते तितकीच ती फोडण्याच्या कष्टावर असते. तोफेच्या अजस्र देहानेच तिचा भाव पाडला आणि त्या पडलेल्या भावानेच तिला वाचवले. एवढ्या वस्तूला एवढी क्षुल्लक रक्कम, शिवाय लोकांची तिच्यावर श्रद्धा, हे स्थानिक अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले आणि विक्री रद्द झाली. आज ती शेर्झा बुरुजावर आहे आणि शाळांच्या सहली तिच्याभोवती गोळा होतात.

तोफेइतकाच चांगला धातू घंटेत असतो. दोन्ही मुख्यत्वे तांबे आणि कथील यांचेच. म्हणून जगभर युद्धाच्या दिवसांत घंटेची तोफ आणि तहाच्या दिवसांत तोफेची घंटा होत आली. या दृष्टीने आपल्या इतिहासातली एक गोष्ट मला मोठी विचार करण्याजोगी वाटते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि पोर्तुगिजांच्या देवळांतल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. तोफा ओतायला उत्तम माल होता. तरी त्यांतल्या कित्येक वितळवल्या गेल्या नाहीत. त्या विजयाचे चिन्ह म्हणून आपल्या देवळांतून टांगल्या गेल्या. नाशिकला गोदावरीच्या पात्रालगतची नारोशंकराची घंटा प्रसिद्धच आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ हे साल वाचता येते. देव बदलला, भाषा बदलली, पण ज्या ओताऱ्याने त्यांना नाद दिला त्याची विद्या कायम राहिली. जिंकणाऱ्यांनी त्या तोलून विकल्या असत्या तर चार तोफा वाढल्या असत्या, आणि त्या तोफा पुढे कोणी तरी १५० रुपयांना लिलावात काढल्या असत्या.

दोनशे वर्षांनी युरोपात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने आपल्या आणि जिंकलेल्या देशांच्या चर्चमधून सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरवल्या. त्यांची चक्क प्रतवारी लावली होती. अ, ब, क, ड अशी. अलीकडच्या काळातल्या घंटा ‘अ’ वर्गात, त्या लगेच भट्टीत. मधल्या दोन वर्गांतल्या राखून ठेवायच्या. ‘ड’ वर्गातल्या फार जुन्या म्हणून त्यांना हात लावायचा नाही. हॅम्बुर्गच्या बंदरात घंटांचे ढीग रचले गेले आणि लोक त्या जागेला घंटांचे स्मशान म्हणू लागले. युद्ध संपले तेव्हा सुमारे दीड लाख घंटा नष्ट झाल्या होत्या. वाचलेल्या घंटा त्यांच्यावरचे लेख वाचून, गावांची नावे शोधून, पुष्कळ ठिकाणी परत पाठवण्यात आल्या. लूट ती लूटच. पण त्या लुटीतही कोणी तरी ओळख पटवून वर्ग पाडले होते, म्हणून एवढे तरी उरले.

ओळख सोडूनच दिली तर काय होते, ते १९५८ साली चीनने पाहिले. पोलादाचे उत्पादन झपाट्याने वाढवायचे म्हणून माओ त्से तुंगच्या राजवटीने गावोगाव परसातल्या भट्ट्या पेटवल्या. खनिज पुरेना, तेव्हा लोकांच्या कढया, विळे, दाराच्या कड्या त्यांत गेल्या. कामाचे लोखंड वितळून बिनकामाचे, ठिसूळ लोखंड तयार झाले, आणि शेतातले हात भट्टीवर अडकल्याने उभी पिके वाया गेली. त्यानंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. त्याची कारणे अनेक होती, पण चांगल्या कढईची मोड करण्याचा अविचार त्यांत होता हे विसरता येत नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. पूर्व किनाऱ्यावर, रे रोड स्टेशनच्या बाजूला, दारूखाना म्हणून भाग आहे. नावातली दारू बंदुकीची. येथे जुनी जहाजे तोडण्याचा धंदा पूर्वापार चालत आला. २०१४ च्या मे महिन्यात भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ओढून या किनाऱ्याला आणली गेली. ब्रिटनमध्ये १९४५ साली जलावतरण झालेली, भारताने १९५७ साली विकत घेतलेली, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बझारवर विमाने धाडणारी ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. पुढे काही वर्षे ती मुंबईतच तरंगते संग्रहालय होती. ती जतन करावी म्हणून लोक न्यायालयात गेले. पण देहाला गंज चढला होता, दुरुस्तीचा खर्च कोणाला झेपेना. सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव झाला, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात तिच्यावर गॅसची ज्योत लागली.

जहाज तोडणे म्हणजे घराची मोड काढण्याचेच काम, फक्त डोंगराएवढे. भरतीच्या पाण्यावर जहाज किनाऱ्याला घ्यायचे. आधी टाक्यांतले तेल आणि वायू काढून टाकायचा, नाही तर पहिल्याच ठिणगीला स्फोट. मग लाकूड, तारा, नळ, यंत्रे उतरवायची. त्यानंतर पोलादाचे पत्रे कापायचे. चांगले सपाट पत्रे रोलिंग मिलकडे जातात आणि तापवून, दाबून त्यांच्या सळया होतात. वेडेवाकडे तुकडे वितळण्यासाठी भट्टीकडे. जुन्या जहाजांत उष्णता अडवण्यासाठी ॲस्बेस्टॉस भरलेले असे. त्याचे न दिसणारे तंतू छातीत गेले की कित्येक वर्षांनी जिवावर उठतात. विक्रांतच्या पोलादाचा काही भाग २०१६ साली एका मोटारसायकलीत वापरला गेला, तेव्हा लोकांनी कौतुकाने ती घेतली. गाडीच्या टाकीवर हात फिरवताना युद्धनौका आठवते, ते ठीकच आहे. ती नौका ज्यांनी चिखलात उभे राहून तुकड्यातुकड्याने कापली, त्यांचे हातही आठवावेत.

कारण मोडीत काढणारा एक असतो आणि मोड फोडणारा दुसरा. कागदावर ‘निकामी’ असा शेरा मारणाऱ्याला वस्तूच्या पोटात काय आहे याचा चटका बसत नाही. दिल्लीत २०१० साली जे घडले ते याचे भयंकर उदाहरण आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात किरणोत्सर्गी प्रयोगांसाठी आणलेले एक यंत्र १९८५ पासून वापरावाचून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते इतर अडगळीबरोबर लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचले. तेथे नेहमीच्या रीतीने त्याची मोड तयार होऊ लागली. जाड शिशाचे कवच निराळे काढले, कारण शिशाला भाव असतो. ते कवच आतल्या कोबाल्ट-६० चे घातक किरण अडवण्यासाठी होते, हे काढणाऱ्याला कोण सांगणार? काही जण भाजले, आजारी पडले, रुग्णालयात गेले. एका कामगाराचा मृत्यू झाला. ज्यांना त्या यंत्राची ओळख होती त्यांनी ती सांगितली नाही, आणि ज्याच्या हाती ते आले त्याने आपले काम चोखच केले होते. शिसे शिशात, लोखंड लोखंडात.

असे प्रसंग घडल्यानंतरच नियम शहाणे होतात. जहाजांच्या बाबतीत २००९ साली हाँगकाँग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २६ जून २०२५ पासून अमलात आला. भारताने २०१९ साली आपला कायदाही केला. त्यातली मुख्य गोष्ट साधी आहे. जहाजावर कोणते घातक पदार्थ कोठे आहेत याची यादी जहाजाबरोबर असली पाहिजे. म्हणजे तोडणाऱ्याच्या हाती आधी ओळख, मग ज्योत.

ही रीत आपल्या घरातल्या ढिगालाही लागू आहे. आपली मोड आज बहुधा कासाराकडे जात नाही. हातगाडीवाल्याकडे किंवा कचरा वेचणाऱ्या बाईकडे जाते. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. तिच्यात बहुसंख्य स्त्रियाच. पत्रा, तांबे, ॲल्युमिनियम नजरेने ओळखणारी त्यांची विद्या तांबट आळीच्या विद्येची धाकटी बहीणच म्हणायची. त्यांचे काम सोपे करणे आपल्या हाती असते. लोखंड वेगळे, पितळ वेगळे ठेवावे. फुटकी काच आणि धारदार पत्रा कागदात गुंडाळून द्यावा. पाऱ्याचा तापमापक, जुनी बॅटरी, भरलेला फवाऱ्याचा डबा या गोष्टी भांड्यांत मिसळू नयेत, त्या काय आहेत ते तोंडाने सांगावे. तांब्याची तार काढण्यासाठी वरचे प्लॅस्टिक जाळू नये. तो धूर विषारी असतो, आणि जळकट तांब्याला भावही कमी येतो. सोलून काढलेली तारच चांगली.

आणि एक करावे. भांडे तराजूत टाकण्यापूर्वी ते घासून पाहावे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल होती. एखाद्या कळशीच्या गळ्याशी पणजीचे नाव, लग्नाची तिथी, आहेर देणाऱ्या मामाचे गाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले सापडेल. मलिक-ए-मैदानवर रूमीचे नाव आहे, मेणवलीच्या घंटेवर साल आहे. तशी ही आपल्या घराण्याची छोटीशी दप्तरे. कित्येक घरांत पणजीचे नाव दुसरीकडे कोठेही लिहिलेले उरलेले नसते. सगळेच ठेवता येणार नाही, माळे लहान आहेत. जे जायचे ते खुशाल जाऊ द्यावे. धातूला पुढचा जन्म मिळतो, यात वाईट काही नाही. पण ते वाचून मग द्यावे. भट्टीला अक्षर येत नाही. वाचण्याचे काम भट्टीच्या अलीकडे, आपल्यालाच करायचे आहे, आणि त्याला दिवाळीच्या आवराआवरीइतकी चांगली वेळ नाही.